दहावा आठवडा

आतडी आधी बाहेरच जातात. सगळ्यांचीच.
तुमची गेली होती, माझी गेली होती,
आमच्या डॉक्टर तुमुहिम्बिसे यांचीसुद्धा.
सहाव्या आठवड्यात गर्भाच्या पोटात जागा पुरत नाही,
यकृत ऐसपैस पसरून बसलेलं असतं;
मग आतडी नाळेच्या देठात शिरतात,
तिथंच लांबतात, उलट्या काट्यानं पाऊण फेरी घेतात
आणि दहाव्या आठवड्यात मुकाट्यानं परत येतात.
कुणी बोलावत नाही. कुणाला आठवतही नाही.

काहींची येत नाहीत.

ओरिशाबा एकोणीस वर्षांची.
इसिंगिरोच्या केळीत, चटईवर बाळंत झाली
आणि सासूला बेंबीच्या जागी दिसली
पातळ पडद्याची पिशवी, नारिंगाएवढी, ओली,
आत यकृताची जांभळी कड.
सासू म्हणाली, झाक ते.
तिनं केळीचं कोवळं पान शेकून मऊ केलं,
बाळ त्यात गुंडाळलं, आणि बोडावर बसून
थेट म्बाराराला आमच्या वॉर्डात.

एवढं सगळं आत ढकलायला पोटात जागा नव्हती.
अशा वेळी पिशवीवर लेप द्यायचा
आणि कडेकडेनं कातडी चढेपर्यंत थांबायचं.
लेप कशाचा, हाच आमचा अभ्यास:
निम्म्या बाळांना बुशेन्यीचा मध, गाळून निर्जंतुक केलेला,
निम्म्यांना तपकिरी आयोडीन.
कुणाला काय, ते पाकीट ठरवतं. मी नुसती फोडते.

सतराव्या पाकिटात आयोडीन निघालं.
'मध का नाही?'
मी म्हटलं, दोन्हींतलं बरं कुठलं, ते आम्हालाच माहीत नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली.
'तुम्हाला माहीत नाही, आणि कागदाला माहीत आहे?'

सहा मंगळवार ती आली.
मी कागदी फीत लावून मोजायची: नऊ सेंटिमीटर,
साडेआठ, पुन्हा साडेआठ, आठ.
सातव्या मंगळवारी बाक रिकामा. फोन बंद.
वहीत त्यासाठी रकाना आहे, 'संपर्क तुटला',
अर्ध्या इंचाचा. पेन्सिलीनं टिंब दिलं, शाईनं दिलं नाही.
सोळा नंबर तसाच गेला होता.

मार्चमध्ये मीच निघाले.
वाटेत लांब शिंगांच्या गाई रस्ताभर,
त्यांना घाई नव्हती. मला होती,
आणि नव्हतीही.

अंगणात ती मटोके सोलत होती, हात चिकानं काळे.
पाठीवर कापडात तो.
खाली घेतला, सदरा वर केला:
पिशवी नाही. गुलाबी, सुरकुतलेली, नवी कातडी,
तिच्याखाली मऊ फुगवटा,
श्वासाबरोबर वरखाली.

'काय लावलंस?'
तिनं आतून बरणी आणली.
घरच्या पोळ्यातला मध, न गाळलेला,
तळाशी मेणाचे तुकडे आणि मुंगीचा एक पाय.
मी रागावले. कच्च्या मधानं काय होऊ शकलं असतं
ते सगळं सांगितलं, बोटांवर मोजून.
तिनं ऐकून घेतलं, पोटात घातलं,
आणि मला केळी वाढली.

मग मी शाईनं लिहिलं. सतरा: हयात.
कातडी पूर्ण. स्नायू अजून दूर,
शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्षी.
नियमभंग: मध. निष्कर्षातून वगळावं?

डॉक्टरांनी वाचून चष्मा काढला.
वगळायचं नाही, म्हणाल्या.
पाकिटानं ज्या गटात घातलं त्याच गटात मोजायचं,
मग आईनं घरी काहीही लावो.
म्हणजे सतरा नंबर हे आयोडीनचं यश.
मी कारण विचारलं, त्यांनी समजावलं,
मला पटलं. रात्री पुन्हा पटेना.

निघताना ओरिशाबानं विचारलं होतं,
'मधानंच बरा झाला ना?'
मी म्हटलं, माहीत नाही.
या वेळी ती हसली.

अकाम्पुरिरा नाव ठेवलंय त्याचं,
त्यानं माझं ऐकलं, असा अर्थ.
कुणी, ते नावात येत नाही.
माझी थंडगार फीत पोटाला लागली
तेव्हा बेंबीच नसलेलं ते पोर
बेंबीच्या देठापासून ओरडलं,
आणि केळीतले पक्षी उडाले.